बारदान

"त्याला सांग, तो भिजल्या घोंगड्यासारखा धावतो," बार्दू म्हणाला.

मी रणधीरकडं वळून म्हटलं, "जरा पाय मोकळे सोडून धाव म्हणतायत."

रणधीरनं बाहीनं घाम पुसला. "एवढंच? ते बारदान तर मगापासून शिव्या दिल्यागत बोलालंय."

"एवढंच म्हणाले."

त्या हंगामात माझं काम हेच होतं. पुण्यात फ्रेंच शिकून मी कोल्हापुरात परत आले होते आणि एका कॉलेजात शिकवत होते. पिंपळ चौक तालमीनं फुटबॉल टीमला फ्रेंच कोच आणला आणि त्याचं बोलणं कुणालाच कळेना, तेव्हा तालमीचे अध्यक्ष दौलतआबा इंगवले स्वतः आमच्या दारात आले. आमचे वडील, गणपतराव सरनाईक, या टीमचे जुने सेंटर फॉरवर्ड. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पेठेत त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं अजून सरसावून बसत. माझा धाकटा भाऊ रणधीर त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच नऊ नंबरच्या बनियनमध्ये खेळायचा आणि कॅप्टनही होता. आबांना नाही म्हणणं आमच्या घरात शक्य नव्हतं.

लुसिअँ बार्दू तेव्हा साठीला टेकला होता. खेळाडू म्हणून कुणी मोठा नव्हता, पण मॅनेजर म्हणून अर्धं जग फिरलेला. पश्चिम आफ्रिकेतले दोन-तीन देश, ट्युनिशिया, ओमान, व्हिएतनाम, मध्येच कुठंतरी पॅसिफिकमधलं एक बेट. कप जिंकले होते, पण एकाही ठिकाणी दोन वर्षांच्या वर टिकला नव्हता. एकदा तर म्हणे टीम घेऊन विमानतळावर उतरला आणि तिथल्या टीव्हीवर स्वतःला काढल्याची बातमी पाहिली. हे तो मला रिक्षात सांगायचा, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. गोव्यातल्या एका क्लबनं काढल्यावर आबांनी त्याला इकडं आणलं. बुरूज गल्लीकडून आम्ही सलग फायनल हरत आलो होतो आणि पुढच्या वर्षी आबांना महापालिकेला उभं राहायचं होतं.

गोरा कोच आल्याचा आनंद पेठेला आठवडाभर पुरला. मग त्यानं सरावाच्या वेळी मैदानावर ढोल-ताशा बंद केला. सरावानंतरची मिसळ बंद केली. दोन जुन्या खेळाडूंना पोटाला हात लावून बाहेर बसवलं. पेठेतली मोठी माणसं कट्ट्यावर बसून सूचना द्यायची, त्यांना मैदानाबाहेर काढायला मला लावलं. बार्दूचं बारदान कुणी केलं ते कळलं नाही, पण महिन्याभरात पोरंटोरंसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायला लागली. तो मान वळवून बघायचा. त्याला वाटायचं, नाव नीट उच्चारता येत नाही यांना.

माझ्याशीही तो बरा वागत नव्हता.

"माझं वाक्य तीन शब्दांचं होतं," एकदा तो म्हणाला. "तुझं बारा शब्दांचं झालं. काय घातलंस त्यात?"

"इथं असंच बोलतात, मस्यू."

"मी बोलतो ते सांग. मला कुणाचं आवडतं होण्यासाठी इथं ठेवलेलं नाही. तुलाही नाही."

तरी मी गाळूनच सांगत राहिले. संध्याकाळी मला त्याच पेठेत परत जायचं असायचं.

फायनलच्या आधी पंधरा-वीस दिवस त्यानं मला बाजूला घेतलं. मैदानावर रणधीर गोलकीपरला बॉल मारत होता.

"तुझा भाऊ मंगळवारी लंगडतो आणि रविवारी लंगडत नाही. त्याला विचार का ते."

मी विचारलं. रणधीर हसला. "मंगळवारी अंग धरलेलं असतंय, सांग त्याला."

मी सांगितलं. बार्दू माझ्याकडं बघत राहिला.

"तो खोटं बोलतोय. आणि तू?"

"मला माहीत नाही."

"घरी जेवायला कसा बसतो?"

मी गप्प झाले. रणधीरनं दिवाळीपासून पाटावर बसणं सोडलं होतं. कॉटवर ताट घेऊन बसायचा. आईनं विचारलं तेव्हा म्हणाला, मोबाईलला चार्जिंग तिथं आहे. मी हे बार्दूला सांगितलं नाही, पण माझं गप्प राहणं त्याला पुरलं असावं. त्या दिवसापासून त्यानं रणधीरला सरावात पळवणं बंद केलं. पेठेत लगेच झालं, बारदान सरनाईकाच्या पोराच्या मागं लागलंय, फायनलला बसवणार बघा. आबांचा मला फोन आला.

"वैजू, त्या बाबाला नीट समजावून सांग. टीम रणधीरवर उभी हाय. बाकी कुणालाबी बसव म्हणावं, पर हे पोरगं खेळणार."

मी ते बार्दूला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक." आणि दुसऱ्या विषयावर गेला.

फायनलच्या दिवशी दुपारी स्टेडियम भरून बाहेर रस्त्यावरही माणसं उभी होती. आमच्या बाजूला भगवे-पिवळे झेंडे, समोर बुरूज गल्लीचे निळे. ड्रेसिंग रूम म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांबट खोली, तीत ऊन नुसतं साठलेलं. बायकांनी आत न जायचा प्रघात होता. माझ्यापुरता तो कधीच मोडला होता. मी गेले तेव्हा पोरं बूट बांधत होती. रणधीर कोपऱ्यात बाकावर बसला होता. आज तो ताजातवाना दिसत होता. दंडावरची कॅप्टनची पट्टी सैल झालेली, ती सेफ्टी पिन लावून बसवली होती. त्याच्या शेजारी आबा उभे होते, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून.

बार्दू आत आला. कुणाशी काही न बोलता सरळ रणधीरपाशी गेला आणि खाली वाकून त्याच्या दंडाची पिन काढली. पट्टी घसरून कोपरापाशी आली.

सगळ्यांना वाटलं, कॅप्टनपद काढून घेतोय. आबा म्हणाले, "ए, काय चाललंय हे?" रणधीरनं मान वर करून आबांकडं पाहिलं. तेवढ्यात बार्दूनं गुडघा टेकला, रणधीरचा डावा मोजा खाली सरकवला आणि ती पिन त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचली. नखाइतकी आत गेली असेल.

रणधीर आबांकडंच बघत होता. त्याला कळलंसुद्धा नाही.

बार्दूनं पिन तशीच राहू दिली आणि हात बाजूला घेतला. मग एकेकाचं लक्ष तिकडं गेलं. शेवटी रणधीरनं खाली पाहिलं. गुडघ्यात पिन उभी होती आणि तिच्या बुडाशी रक्ताचा थेंब जमला होता. तो त्या पिनेकडं बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी पाय असावा तसा. मग त्यानं ती उपटून फेकली.

"कोणी दिलं इंजेक्शन?" बार्दूनं विचारलं. मी मराठीत विचारलं.

आबांनी घसा साफ केला.

"डॉक्टरनं दिलंय, काय रस्त्यावरच्यानं न्हाई. दर मॅचला घेतोय. एक इंजेक्शन तर हाय. विचार तेला, तेच्या देशात देत न्हाईत व्हय?"

दर मॅचला. मी ते शब्द मनात धरून बार्दूला विचारलं.

"देतात," तो म्हणाला. "मी दिलंय. एका पोराला पूर्ण स्पर्धाभर दिलं आणि कप जिंकला."

मी सांगितलं. आबांना हायसं वाटलं. "मग?"

"मग काही नाही. आज देऊन खेळवणार नाही."

या वेळी मी काही गाळलं नाही. आबांचा चेहरा लाल झाला.

"तेला सांग, रणधीर खेळणार. न्हाईतर त्यानं आत्ता बॅग उचलायची आन् चालू पडायचं. मी बसतो बाकावर. मी कधी फुटबॉल बघिटला न्हाई काय?"

"अक्का," रणधीर म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "सांग त्याला, गुडघा माझा हाय. माझं मी बघतो. पाच वर्षं झाली, बुरूज गल्लीची पोरं चौकातनं जाताना आमच्याकडं बघून हसत्यात. आज पाय तुटला तरी मी मैदानात जाणार."

त्याचा आवाज अगदी शांत होता. त्याला मी लहानपणापासून ओळखते. तो ओरडतो तेव्हा ऐकतो, शांत होतो तेव्हा नाही. आता त्याला आई आली असती तरी थांबवू शकली नसती.

मी बार्दूकडं वळले आणि फ्रेंचमध्ये बोलले. त्यानं मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. खोलीत बाकीच्यांना वाटलं, मी रणधीरचं बोलणं सांगतेय आणि त्याला ते नीट कळत नाहीये.

मग बार्दू रणधीरसमोर जाऊन उभा राहिला आणि सावकाश, मला वेळ देत, एकेक वाक्य बोलला. मी त्याच्या शेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत म्हटलं. आपल्या भावाच्या तोंडाकडं बघून म्हटलं.

"गुडघ्याचा प्रश्नच नाही. गुडघा चांगला असता तरी मी तुला बसवलं असतं."

"तू खेळाडू म्हणून दोन वर्षांपूर्वीच संपलास. ना पायात वेग आहे, ना डोक्यात खेळ."

"लोक टाळ्या वाजवतात त्या तुझ्या बापाला. तुझ्या अंगावर त्याचं बनियन आहे म्हणून तू या टीममध्ये आहेस. मी इतके देश फिरलो, बापाच्या नावावर जगणारी पोरं सगळीकडं असतात. तू त्यांतलाच."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच रणधीर पुढं आला होता. तिघांनी त्याला धरला. त्यानं बार्दूवर हात टाकायची धडपड केली, एक ठोसा खांद्यावर बसलाही. बार्दू हलला नाही. रणधीर मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आणि तू बोललीस हे. तुझ्या तोंडानं बोललीस."

"मी फक्त सांगितलं," मी म्हणाले.

त्यानं बनियन काढलं, बार्दूच्या पायाशी टाकलं आणि उघड्या अंगानं खोलीतून बाहेर गेला. आबा त्याच्या मागं धावले. आम्हाला बाहेरून त्यांचा आवाज येत होता, "आरं थांब, मी तेला आत्ता हाकलतो, रणधीर, ऐक." पण रणधीर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून निघून गेला होता. रेफ्रीचा माणूस दारात येऊन टीम बोलवायला लागला. बार्दूनं जमिनीवरचं बनियन उचललं, झटकलं आणि समीर जमादारच्या हातात दिलं. समीर कॉलेजात शिकत होता. हंगामभर फक्त शेवटची दहा-पंधरा मिनिटं खेळलेला. तो ते घालताना माझ्याकडं असा बघत होता, जणू परवानगी मी द्यायचीय.

आम्ही एका गोलनं हरलो. समीर वाईट खेळला नाही. पण दोनदा बॉल त्याच्यासमोरून असा सरकत गेला, की आमच्या बाजूचा सगळा स्टँड एकदम उठला आणि एकदम बसला. दुसऱ्या वेळी कुणीतरी ओरडलं, "सरनाईक कुठाय?" आणि मग तेच ओरडणं सगळीकडून सुरू झालं. बाकावर आबा बार्दूपासून लांब, दुसऱ्या टोकाला बसले होते. शेवटची शिट्टी झाल्यावर ते उठून बार्दूसमोर आले आणि मला म्हणाले, "तेला सांग, उद्या गावात दिसला न्हाई पायजे." बार्दूनं मी काही बोलायच्या आधीच मान हलवली. एवढं त्याला कुठल्याही भाषेत कळत होतं.

आम्ही बाहेर पडताना दगड आले, पाण्याच्या बाटल्या आल्या. एक दगड माझ्या पाठीत बसला. पोलिसांनी आम्हाला व्हॅनमधून काढलं. संध्याकाळी चौकात एका बारदानात गवत भरून त्याला टोपी घातली आणि पेटवलं. आमच्या गॅलरीतून ते सगळं दिसत होतं. रणधीर खाली त्या गर्दीत उभा होता. घरात येऊन तो आईशी बोलला. माझ्याशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बार्दूला सोडायला बेळगावच्या विमानतळावर गेले. पेठेतला कुणी ड्रायव्हर तयार होईना. निपाणीचा एक माणूस मिळाला, त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. बार्दूकडं एकच बॅग होती. कागल मागं पडेपर्यंत तो खिडकीतून उसाच्या गाड्या बघत बसला.

"मस्यू," मी म्हणाले, "तुमचे आभार मानायचे होते."

तो चिडून माझ्याकडं वळला.

"कशाबद्दल? तू म्हणालीस, त्याला थांबवा, तो आता कुणाचं ऐकणार नाही. मी विचारलं, त्याला सगळ्यात जास्त काय लागतं. तू म्हणालीस, बापाच्या नावावर खेळतो असं म्हटलेलं. चाकू तू दिलास. मी तो फक्त फिरवला. आभार कसले मानतेस?"

स्वतःहून हे शब्द मी मोठ्यानं कधी म्हटले नव्हते. कालही फ्रेंचमध्ये होते म्हणूनच ते म्हणता आले होते.

"आणि ऐक," तो म्हणाला. "तो असता तर आपण जिंकलो असतो. ते दोन बॉल पाहिलेस ना? दोन्ही त्यानं आत घातले असते. बधिर गुडघ्यानंसुद्धा. मला माहीत आहे ना, मी करून पाहिलंय. मी इतक्या लांब हरायला आलो नव्हतो. मला हरायला आवडत नाही. म्हणून आभार वगैरे नको."

"त्या पोराचं काय झालं? ज्याला तुम्ही स्पर्धाभर इंजेक्शन दिलंत."

"माहीत नाही. कप जिंकल्यावर पुढच्याच आठवड्यात मला दुसऱ्या देशातून बोलावणं आलं. बरी नोकरी होती." तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. "मी कधी विचारलं नाही."

संकेश्वर आलं. मग मला राहवेना.

"काल तुम्ही रणधीरला जे बोललात, ते खरं होतं का?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

त्यानं डोळे मिटून मान मागं टेकवली. विमानतळावर उतरल्यावर त्यानं बॅग स्वतः उचलली, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "काल तू पहिल्यांदा नीट भाषांतर केलंस." मग मागं न बघता आत गेला.

रणधीरला पाय टेकवेनासा झाला तेव्हा पंधरा दिवसांनी त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी फोटो लाइटवर धरून पाहिला आणि विचारलं, ह्या पायानं शेवटची मॅच कधी खेळला? रणधीर म्हणाला, सेमीफायनल. "त्यानंतर नाही?" "बसवलं मला." डॉक्टर म्हणाले, "अजून एक मॅच हा पाय असा बधिर करून खेळला असता, तर..." आणि वाक्य पुरं न करता ऑपरेशनची तारीख द्यायला लागले. परत येताना गाडीत मी रणधीरकडं पाहिलं. तो म्हणाला, "माझ्या बापाचं नाव घेतलं त्यानं. ते मी विसरणार न्हाई." माझ्याशी तो फायनलनंतर पहिल्यांदाच बोलत होता.

तो पुन्हा लीग खेळला नाही. आबांनी त्याला टायरचं दुकान काढायला जागा दिली. ते निवडूनही आले. माझ्याशी त्याचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. मी फक्त सांगितलं होतं, हे त्यानं शेवटी मान्य केलं. खोलीत मी बार्दूशी काय बोलले, ते त्यानं कधी विचारलं नाही. बारदानाचा राग मात्र तसाच राहिला. गणपती असो, कुणाचं लग्न असो, चार माणसं जमली की तो ती गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी ठोसा खांद्यावर न बसता तोंडावर बसायचा. मी तिथं असले तरी दुरुस्ती करत नसे.

सात-आठ वर्षांनी एका रविवारी दुपारी मी वरच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. रणधीर मोबाईल घेऊन वर आला.

"अक्का, हे वाच. फ्रेंच हाय, पर फोटो त्याचाच हाय."

फोटो बार्दूचाच होता. केस सगळे गेलेले, तोंडावर तोच वैताग. हिंदी महासागरातल्या एका बेटाच्या टीमचा तो मॅनेजर झाला होता आणि ओळीनं तिसरी मॅच हरल्यावर त्याला काढलं होतं. लोकांनी विमानतळापर्यंत त्याच्या गाडीचा पाठलाग केला होता.

"काय लिहिलंय?"

"काढलं त्याला."

"हाकललं?"

"हाकललं."

इतकं समाधान मी त्याच्या तोंडावर कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं मोबाईल माझ्या हातातून घेतला, फोटोकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "थांब, चौकात पोरांना सांगून येतो."

आणि तो पळाला. आमचा लाकडी जिना तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला, शेवटच्या तीन तर उडी मारूनच. त्याची पावलं खालच्या फरशीवर वाजली, मग दार वाजलं, मग तो रस्त्यावरून हाका मारत गेला. त्याचा आवाज चौकापर्यंत जाऊन विरेपर्यंत मी हातातला पेपर तसाच धरून बसले होते.